‘वाढवा’चा दुसरा अर्थ

अणुयुद्ध कसं सुरू झालं याच्या आता शंभर कहाण्या सांगतात. कुणी धरणाच्या पाण्याचं नाव घेतं, कुणी निवडणुकीचं, कुणी थेट ग्रहांवर ढकलून मोकळं होतं. सांगेनात का. खरी गोष्ट एवढीच की रहिमतपूरच्या किराणावाल्या शेट्यांचा मल्लू, म्हणजे ब्रिगेडियर मल्लिकार्जुन शेटे, एका सोमवारी सकाळी अकरा चाळीसला फोनवर ‘वाढवा’ म्हणाला. आणि त्या शब्दाचा एक अर्थ त्याच्या सख्ख्या थोरल्या बहिणीनं दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं पुसून टाकला होता.

ती बहीण म्हणजे शैला. वय छप्पन्न, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पुण्यात एका कंपनीत तिनं एकोणीस वर्षं यंत्रांना मराठी शिकवायचं काम केलं आणि मग कोल्हापुरात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन राहिली. नोकरी सुटली तरी अधूनमधून कंपनीचं काम घरी यायचं. आलं की ती नाकावर चष्मा ठेवून करून टाकायची.

कंपनीच्या यंत्राचं नाव होतं ‘आशय’. हे यंत्र म्हणजे काय प्रकरण होतं ते आधी सांगून टाकतो. जुनी यंत्रं भाषांतर करायची, या भाषेतला शब्द उचलून त्या भाषेत ठेवायची. ‘आशय’ त्याच्या पुढचं होतं. कोण बोलतंय, कुणाशी, कुठल्या आवाजात, आजूबाजूला काय चाललंय, हे सगळं एकत्र धरून ते बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते सांगायचं आणि त्यापुढे टक्का टाकायचं. ‘हल्ला करण्याचा इरादा, ब्याण्णव टक्के’ असं. दोन शेजारी देशांत क्षेपणास्त्र पोचायला सहा मिनिटं पुरतात. सहा मिनिटांत माणूस धड चहा पीत नाही, तो चोरून ऐकलेल्या बोलण्याच्या फिती कधी ऐकणार आणि त्यावर विचार कधी करणार? म्हणून सगळ्यांनीच ऐकायचं काम यंत्राला दिलं. आपल्या सैन्याकडे ‘आशय’, पलीकडच्यांकडे ‘आशय’. एकाच कारखान्यातून दोघांनी घेतलेलं. याला अक्कल म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.

आता सरहद्दीवरच्या ट्रकमध्ये बसवायचं यंत्र लहान हवं, चटकन चालणारं हवं. लहान करायचं म्हणजे त्यातलं काहीतरी काढायला हवं. मग कंपनीनं शब्दांचे क्वचित वापरले जाणारे अर्थ छाटायला घेतले. छाटण्यापूर्वी तीन मराठी माणसांना विचारायचं: हा अर्थ गेल्या वर्षभरात तुम्ही कुणाच्या तोंडून ऐकलात का? तिघांपैकी एक जरी ‘हो’ म्हणाला तरी अर्थ राहील. तिघंही ‘नाही’ म्हणाले की गेला. पहिले दोघं पंचविशीतले, पुण्यात वाढलेले. तिसरी शैला.

‘वाढवणे: बंद करणे, संपवणे (दुकान इत्यादी).’

आपल्याकडे दुकान बंद केलं असं तोंडानं म्हणत नाहीत, दुकान वाढवलं म्हणतात. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडायचा नसतो, वाढवायचा असतो. वाईट शब्द तोंडातून नको, म्हणून उलटा चांगला शब्द. नारळाचं तेवढं यंत्रात राहिलं, कारण तो नेहमीचा. पण नुसत्या ‘वाढवणे’चा हा अर्थ? शैला पेन्सिल हातात धरून मिनिटभर थांबली होती. रहिमतपूरच्या दुकानात रोज संध्याकाळी त्यांचे वडील, आण्णा, ओरडायचे, “मल्लू, वाढव रे आता!” तो शब्द मल्लूच्या जिभेवर जन्माचा बसला. सैन्यात गेला तरी सुटला नाही. सराव संपवायचा झाला तरी ‘वाढवा’, जेवण उरकायचं झालं तरी ‘वाढवा’, फोन ठेवताना “चल अक्का, वाढवतो.”

पण गेल्या वर्षभरात? वर्षभरात मल्लूचा फोनच झाला नव्हता. आई अंथरुणाला खिळली तेव्हा शैलानं त्याला पाच निरोप धाडले. तो आला नाही. माती द्यायलाही आला नाही. “तू मला मेलास,” असं ती फोनवर म्हणाली होती आणि त्यानंतर दोघांनीही हट्ट धरला. मग प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं? तिनं प्रामाणिकपणे खूण केली: नाही. आणि पुढच्या शब्दाकडे वळली.

त्या सोमवारी सरहद्दीवरच्या वाळवंटात मल्लूच्या हाताखाली क्षेपणास्त्रांच्या गाड्यांचा सराव चालू होता. धरणाच्या वादावरून दोन्हीकडे आधीच डोकी तापलेली. चार दिवस गाड्या उघड्यावर उभ्या करून झाल्यावर मल्लूनं आपल्या मेजरला फोन लावला. हे मेजर घाटगे कवठेमहांकाळचे, साहेबांची मराठी त्यांना पाठ. बोलणं झालं ते सगळं असं:

“घाटगे, झालं तेवढं बास. आता वाढवा.”

“सगळंच वाढवू, सर?”

“सगळंच. बाराच्या आत.”

घाटग्यांनी गाड्या परत न्यायला इंजिनं सुरू करायला सांगितली. पलीकडच्या ‘आशय’नं ते बोलणं पकडलं, इंजिनांची धग उपग्रहातून पाहिली आणि दोन्ही जोडून निकाल दिला: ‘आतापर्यंतचं पुरे झालं. आता चढाई वाढवा. सर्व बाजूंनी. बाराच्या आत.’ शहाण्णव टक्के.

झालं! पलीकडच्यांनी आपली क्षेपणास्त्रं बाहेर काढली. ती बाहेर आलेली आपल्या यंत्रानं पाहिली, त्यांची धावपळ ऐकली आणि आपल्या लोकांना सांगितलं: ‘हल्ल्याची तयारी, एक्क्याण्णव टक्के.’ मग आपण काढली. दुपारी पलीकडच्या सरकारनं ते बोलणं भाषांतरासकट जगाला ऐकवलं. बघा, युद्ध कुणाला हवंय ते!

शैलानं ते पाच वाजता टीव्हीवर ऐकलं. तीन वर्षांनी भावाचा आवाज. खरं सांगायचं तर ती आधी हसली. “अगं बाई, हा मेला दुकान वाढवायला सांगतोय!” असं एकटीच मोठ्यानं म्हणाली. आणि मग तिला ती पेन्सिलची खूण आठवली. ती तशीच जमिनीवर बसली.

तिनं पुण्याला देवस्थळींना फोन लावला. हे तिचे जुने साहेब, यंत्राचं पोट ज्यांना माहीत असे फार थोडे लोक होते, त्यांतले एक.

“सर, अर्थ चुकलाय. मीच छाटलाय तो.”

“माहितेय, शैलाताई. दुपारीच नोंद काढून पाहिली. तुमचीच खूण आहे.” देवस्थळींचा आवाज खाली गेला. “कंपनी काही बोलणार नाही. वकिलांनी तोंडाला कुलपं लावलीत. पण एक वाट आहे. बोलणाऱ्यानं स्वतः, उघडपणे, आपल्या बोलण्याचा खुलासा केला तर यंत्र त्याला सगळ्यात जास्त वजन देतं. टक्का एकदम खाली येतो. दोन्हीकडच्या यंत्रांत.”

“मग देईल की तो खुलासा!”

“अठ्ठेचाळीस तासांच्या आत दिला तर. नंतर आलेला खुलासा यंत्र बनावट धरतं. उशिरा सुचलेलं खोटं असतं, असं आम्हीच त्याला शिकवलंय. बुधवारी सकाळी अकरा चाळीसपर्यंत वेळ आहे तुमच्याकडे.”

तोवर इकडे भलतंच सुरू झालं होतं. ‘तो असं म्हणालाच नाही’ असं सांगायला कुणीतरी पुढे यावं ना? छे! टीव्हीवाल्यांनी मल्लूचा वाघ करून टाकला. ‘शेट्यांची गर्जना!’ एका मंत्र्यानं सभेत हात वर करून “वाढवा!” म्हटलं आणि मैदान दणाणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापुरात रिक्षांवर मल्लूचा फोटो होता. मराठी न कळणारी माणसंसुद्धा देशभर छाती फुगवून ‘वाढवा, वाढवा’ ओरडत होती. अशा वेळी कोण म्हणणार, की अहो, तो माघारी चला म्हणाला होता?

शैलानं तीन वर्षांचा हट्ट गिळला आणि भावाला फोन लावला. तासभर खटपट केल्यावर लागला.

“मल्लू, मी अक्का.”

“अक्का? तू?”

“भांडण नंतर करू. तू बंद करा म्हणाला होतास ना? गाड्या परत न्यायला?”

“दुसरं काय म्हणणार? तुला कळलं ना लगेच?”

“मला कळून काय उपयोग, बाळा? जगाला सांग. आत्ता सांग. उद्या सकाळी अकरा चाळीसच्या आत सांगितलंस तर यंत्रं थांबतात. नंतर नाही.” तिनं देवस्थळींनी सांगितलेलं सगळं त्याला समजावलं. तिच्या खुणेचं तेवढं सांगितलं नाही. जीभ रेटली नाही.

त्याच्या मागे जवानांचा आरडाओरडा ऐकू येत होता, बहुधा त्याच्याच नावाचा.

“अक्का, मला बोलायला मनाई आहे,” तो म्हणाला. “वरून.”

“मनाई करणाऱ्यांच्या नानाची टांग! माणसं मरतील!”

“बघतो मी. बघतो काय करता येतं ते.” आणि त्यानं फोन ठेवला.

बघतो म्हणे! शैलानं मग स्वतःच कंबर कसली. मंगळवारी दुपारी ती कोल्हापुरातल्या एका वाहिनीवर गेली. शब्दकोश घेऊन गेली, पान उघडून कॅमेऱ्यासमोर धरलं. निवेदक पोरगा तिच्यावरच खेकसला, “म्हणजे तुमचा भाऊ घाबरला, असं म्हणायचंय का तुम्हाला? ऐन वेळी शेपूट घातली?”

“अहो, सराव संपला होता! त्यात शेपटीचा काय संबंध?”

“देश पेटलाय आणि या बाई आपल्याला दुकानदारी शिकवतायत!”

ती बाहेर पडताना कुणीतरी तिच्या तोंडाला काळं फासलं. घरी आली तर दाराची काच फुटलेली. ती न्हाणीघरात जाऊन तोंड घासत राहिली, रडत राहिली, आणि रडता रडता पुन्हा पुन्हा फोन लावत राहिली. फोन लागत नव्हता. बुधवारचे अकरा चाळीस वाजले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती उभी होती. अकरा एक्केचाळीस झाले.

मल्लू बोलला, पण दुपारी पावणेपाचच्या सुमारास, त्रेपन्न तासांनी. कॅम्पसमोर जमलेल्या पत्रकारांपुढे येऊन टोपी काढून तो स्वच्छ म्हणाला, “मी ‘बंद करा’ असं सांगितलं होतं. आमच्याकडे बंद करण्याला वाढवणं म्हणतात. मला युद्ध नको होतं.”

पलीकडच्या ‘आशय’नं निकाल दिला: फसवणूक, अठ्ठ्याऐंशी टक्के. इकडे आपल्या वरिष्ठांचं डोकं सणकलं. सबंध देशाला चढलेली नशा यानं एका वाक्यात उतरवली होती. वीस मिनिटांत मल्लूला अटक झाली आणि त्याला मागच्या तळावरच्या जमिनीखालच्या कोठडीत टाकलं. त्याच्या जागी दुसरा आणला, ज्याच्या मनात ‘वाढवा’चा एकच अर्थ होता. पलीकडच्या माणसांनी, यंत्रांनी नव्हे हं, माणसांनी, हे पाहून सरळ हिशेब केला: शांततेचं बोलणाऱ्या सेनापतीला हे लोक डांबतात, म्हणजे लढाई ठरलेली आहे. मग आपण थांबायचं कशाला?

पहिला बॉम्ब लहान होता. लहान म्हणजे त्यांच्या भाषेत लहान. तो वाळवंटातल्या त्या गाड्यांवर पडला. मेजर घाटगे आणि अकराशे माणसं क्षणात गेली. आपण त्यांच्या एका छावणीवर तेवढाच टाकला. इथपर्यंत दोन्हीकडच्यांना वाटत होतं की आता समोरचा शहाणा होईल. पण त्या स्फोटांनी सरहद्दीवरच्या तारा आणि संदेशयंत्रणा बंद पाडल्या होत्या. कुणाला कुणाचं ऐकू येईना. ऐकू येत नाही म्हटल्यावर ‘आशय’नं टक्के वाढवत नेले, कारण गप्प बसलेला शत्रू म्हणजे वार करायला दबा धरलेला शत्रू, हेही त्याला कुणीतरी शिकवलंच होतं. गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास दोन्ही देशांनी जे होतं ते सोडलं. एकूण अकरा शहरं गेली. आपली सहा, त्यांची पाच. त्यात पुणं होतं. देवस्थळी होते. ते दोन पंचविशीतले होते.

कोल्हापुरात स्फोटाचा आवाज आला नाही. फोन गेले, वीज गेली, आणि तिसऱ्या दिवशी उन्हाचा रंग गेला. जळणाऱ्या शहरांची काजळी पावसाच्या ढगांच्याही वर चढते. तिथे पाऊस नसतो, त्यामुळे ती धुतली जात नाही. वर्षानुवर्षं तिथेच राहते आणि ऊन अडवते. भर वैशाखात माणसं स्वेटर घालून फिरायला लागली. ज्वारीला कणीस धरलं, दाणा भरला नाही. युद्धात मेली त्याहून जास्त माणसं त्या वर्षी भुकेनं मेली, आणि त्यांची नावं कुठल्याच यादीत आली नाहीत.

आठ महिन्यांनी साताऱ्यात चौकशी आयोग बसला. एका शाळेत. यंत्रं नव्हती, कारकून हातानं लिहून घेत होते. मल्लू जमिनीखाली होता म्हणून वाचला होता आणि आता तोच मुख्य आरोपी होता. आरोप एवढाच: वाचवता येत असताना हा माणूस त्रेपन्न तास गप्प बसला. मनाई होती असं सिद्ध झालं तर सुटका. नाहीतर गोळी. मनाई करू शकणारे सगळे अधिकारी राजधानीबरोबर गेलेले. साक्षीदार एकच उरला होता, शैला. तिला तो फोनवर म्हणाला होता ना!

शैला कोल्हापूरहून तीन दिवसांत साताऱ्याला पोचली, थोडी बैलगाडीत, थोडी पायी. या जगात तिचं असं एकच माणूस उरलं होतं आणि ते तिला सोडवून न्यायचं होतं. साक्षीच्या आधी अर्धा तास भेट मिळाली. वर्गातल्या बाकावर मल्लू बसला होता. हाडांचा सापळा झाला होता नुसता. तिनं फडक्यात बांधून आणलेली अर्धी भाकरी त्याच्यापुढे ठेवली. त्यानं हात लावला नाही.

“काळजी करू नकोस,” ती म्हणाली. “सगळं सांगते मी. मनाई होती म्हणून सांगते. सुटशील तू.”

“अक्का, मनाई नव्हती.”

तिला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. “काय?”

“कुणी केली नव्हती मनाई. कुणी विचारलंसुद्धा नाही मला. सोमवारी रात्रीच सांगता आलं असतं.” तो खाली बघून बोलत होता. “आवडत होतं गं. अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, रहिमतपूरच्या बाहेर माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी जवानांनी खांद्यावर घेतलं. मोठ्या साहेबांनी स्वतः फोन करून शाब्बास म्हटलं. वाटलं, एवढा दिवस राहू दे. उद्या सांगू. उद्याही वाटलं, संध्याकाळी सांगू.”

“मी वेळ सांगितली होती तुला! मिनिटासकट सांगितली होती!”

“यंत्राचं एवढं खरं नाही वाटलं.”

शैलानं फाडकन त्याच्या तोंडात मारली. आयुष्यात पहिल्यांदा. तिला शिव्या द्यायच्या होत्या, त्याला धरून गदागदा हलवायचं होतं. पण दोन वर्षांपूर्वीची खूण तिनं त्यालाही कधी सांगितली नव्हती. आयोगालाही सांगितली नव्हती. ती नोंद पुण्याबरोबर जळाली होती आणि ती ठाऊक असलेलं दुसरं कुणी जिवंत नव्हतं. हा दोन दिवस गप्प बसला म्हणून हिनं त्याला मारावं, आणि स्वतः? ती कितीतरी वेळ त्याच्या गालावर उठलेल्या बोटांकडे बघत राहिली.

शिपायानं नाव पुकारलं.

आयोगाचे अध्यक्ष म्हातारे होते आणि दमलेले होते. त्यांनी कागदावरून वाचून विचारलं, “मंगळवारी तुमचं आरोपीशी फोनवर बोलणं झालं?”

“हो.”

“ते काय म्हणाले?”

शैलानं खुर्चीचा हात धरला. “म्हणाला, ‘अक्का, मला बोलायला मनाई आहे. वरून.’”

“हेच शब्द?”

“अगदी हेच शब्द.”

“शपथेवर?”

“शपथेवर.”

कारकुनानं लिहून घेतलं. अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं, आणखी काही विचारावं असं त्यांच्या मनात आलेलं दिसलं, पण बाहेर अजून चाळीस खटले बसलेले होते. “या तुम्ही,” ते म्हणाले. “आरोपीला मोकळं करा.”

ती व्हरांड्यात आली तेव्हा एक बाई लगबगीनं पुढे झाली. चाळिशीची असेल, अंगावर पुरुषी कोट, पायात चपला नाहीत. ती मेजर घाटग्यांची बायको होती. कवठेमहांकाळहून चालत आली होती, केवळ निकाल ऐकायला. तिनं शैलाचे दोन्ही हात हातांत घेतले आणि ढसाढसा रडायला लागली.

“लई बरं झालं ताई, लई बरं झालं. साहेबांवरचा डाग गेला. आमचे हे नेहमी म्हणायचे, शेटेसाहेब म्हणजे देवमाणूस. लोक काय काय बोलत होते हो! आता माझ्या लेकीला छातीठोक सांगते, तुझे बाबा भल्या माणसाच्या हाताखाली गेले.”

शैलाला बोलता आलं असतं. ती बाई तोंडाकडे बघत उभीच होती.

“हो,” शैला म्हणाली. “सांगा तिला.” आणि हात सोडवून घेऊन भावाला आणायला आत गेली.